टपाखालचा उन्हाळा

प्रीमियर पद्मिनीचं सोलापूरशी नातं जन्माचं आहे. वालचंद हिराचंद 1882 मध्ये सोलापुरात जन्मले. 1944 मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि 1947 पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. फियाटची 1100 कुर्ल्याच्या कारखान्यात जुळू लागली ती मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, 1954 मध्ये. दहा वर्षांनी तिची ‘डिलाइट’ आली आणि 1974 मध्ये तीच गाडी पद्मिनी झाली. लोकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. मालक सोलापूरचा असला तरी आराखडा तुरिनचा होता. तुरिनमध्ये मे महिन्यातल्या दुपारचं सरासरी तापमान पंचविशीच्या आत असतं. सोलापुरात त्याच महिन्यात पारा 42-43 वर जाऊन बसतो.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. आता ही गाडी उरली आहे ती हौशी लोकांकडे. कुणी आजोबांची फियाट शेडमधून बाहेर काढतो, कुणी दुसऱ्या गावाहून विकत आणतो. इंजिन झालं, डेंटिंग-पेंटिंग झालं, की गाडी कुशनवाल्याकडे जाते आणि तिथं प्रश्न येतो: आतून काय लावायचं? दुकानात डांबरी शीट असते, फोम असतो, तागाचा नमदा असतो, आणि हल्ली रुपेरी कागद लावलेली काळी चिकट शीटही मिळते. ही शेवटची शीट ‘उष्णता आणि आवाज, दोन्ही बंद’ असं सांगून विकली जाते. माझ्या मते या एका वाक्यात जितकी फसगत आहे तितकी डांबरी शीटमध्येही नाही. उष्णता थोपवणं आणि आवाज थोपवणं ही दोन निरनिराळी कामं आहेत. त्यांतलं एक करणारी वस्तू दुसऱ्यात बहुतेक वेळा कुचकामी ठरते.

आधी उष्णता. सोलापूर जिल्ह्यातल्या गावांत अजून माळवदाची घरं दिसतात. मातीचं ते जाड छत दुपारचं ऊन पोटात घेतं आणि त्याची धग खोलीत उतरेपर्यंत दिवस कलतो. गाडीच्या टपाला ही सवलत नाही. टपाचा पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो. एका चौरस मीटरला त्याचं वजन सहा-साडेसहा किलो. भर दुपारी एवढ्याच जागेवर सुमारे 1000 वॅट ऊन पडतं. गडद रंग त्यातलं 90 टक्क्यांच्या आसपास शोषून घेतो, पांढरा रंग साधारण पाव ते तिसरा हिस्सा. म्हणजे गडद टप काही मिनिटांतच तापतो आणि उभ्या गाडीत सहज 70 अंशांवर जातो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा टप पिवळा होता, अंग काळं होतं. कारण काहीही असो, भौतिकशास्त्राच्या बाजूनं तो रंग योग्य जागी होता. गाडी अजून पेंटरकडेच असेल तर टपाला पांढरा किंवा साय-रंग द्यावा. पुढं जे काही चिकटवाल त्यापेक्षा हे स्वस्त आणि जास्त गुणकारी.

तापलेला पत्रा खालच्या माणसाला छळतो तो मुख्यतः प्रारणानं, म्हणजे दिसत नसलेल्या अवरक्त किरणांनी. स्टीफन-बोल्ट्झमनच्या नियमानं हिशेब मांडू. 70 अंशांचा पत्रा आणि 40 अंशांचं आतलं जग यांच्यात दर चौरस मीटरला सुमारे 215 वॅट उष्णता नुसत्या प्रारणानं खाली येते. पत्र्याची आतली बाजू, मग ती रंगवलेली असो वा गंजलेली, किरण सोडण्यात अगदी उदार असते. चकचकीत ॲल्युमिनियम मात्र या बाबतीत कमालीचं कंजूष. ते जेमतेम पाच टक्के सोडतं. त्याच तापमानाला तो आकडा 215 वरून 12 वॅटच्या आसपास येतो. कागदासारखा पातळ पन्ना एवढं काम करतो, पण एका अटीवर: त्याच्या चकचकीत बाजूसमोर मोकळी हवा हवी. पन्ना नमद्याला किंवा फोमला घट्ट चिकटवून दोन थरांत कोंडला, की प्रारणाचा प्रश्नच उरत नाही. उष्णता स्पर्शानं पार होते, आणि ॲल्युमिनियम तर उष्णतेचा उत्तम वाहक. ‘आत चांदीचा थर आहे’ असं कुणी सांगितलं तर तो नेमका कुठं आहे हे बघावं.

जुन्या गाड्यांत या अटीसाठी जागा आयती असते. टपाखालचं कापडी किंवा रेक्झिनचं अस्तर तारेच्या कमानींवर ताणलेलं असतं, आणि त्याच्यावर बोट-दोन बोटं पोकळी असते. पत्र्याला बंद पेशींचा पातळ फोम लावायचा, त्याची रुपेरी बाजू खाली, पोकळीकडे करायची. खाली तोंड असल्यामुळं तिच्यावर धूळही बसत नाही. फोम वहनाला अडवतो, पन्ना प्रारणाला. बंद पेशींच्या फोमची उष्णतावाहकता 0.035 ते 0.04, स्थिर हवेची 0.026, पोलादाची 50. म्हणजे फोममध्येही खरं काम अडकलेली हवाच करते.

हे तपासायचं तर टेम्परेचर गन वापरता येते. कोविडमध्ये कपाळाला लावायची ती चालणार नाही, ती माणसाच्या तापापुरतीच असते. कारखान्यातल्या वापराची हवी. आणि ती रुपेरी पन्न्यावर धरली तर साफ खोटं वाचन मिळतं, कारण पन्ना स्वतःचे किरण सोडण्याऐवजी समोरच्या वस्तूचे परावर्तित करतो. पन्न्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर गन धरावी. दुकानदार रुपेरी शीटवर गन धरून ‘बघा, किती थंड’ म्हणत असेल, तर हा टेपचा तुकडा खिशात ठेवलेला बरा.

टपानंतर इंजिनच्या बाजूचा पत्रा. पद्मिनीचं 1089 घन सेंटिमीटरचं इंजिन पुढं, गिअरबॉक्स त्याच्या मागं, आणि तिथून शाफ्ट मागच्या चाकांपर्यंत. सायलेन्सरचा पाइप पायांखालून जातो. डॅशबोर्डामागचा पत्रा, मधला बोगदा आणि पाइपवरची जमीन या तीन जागांना फोम पुरत नाही. पाइपजवळ तो वितळू शकतो. तिथं बाहेरून, म्हणजे पाइप आणि जमीन यांच्या मध्ये, अंतर ठेवून बसवलेला ॲल्युमिनियमचा आडपत्रा उत्तम. आतून लावायचं तर काचतंतूंची किंवा सिरॅमिक तंतूंची चटई. गाडीच्या आतल्या सामानाच्या ज्वलनशीलतेसाठी आपल्याकडे आयएस 15061 हे मानक आहे. त्याची मूळ कल्पना अशी की आडवा धरलेला नमुना मिनिटाला 100 मिलिमीटरपेक्षा वेगानं जळू नये. दुकानात मिळणाऱ्या गादीच्या फोमला असली कुठलीच अट नसते. पन्नास वर्षांच्या वायरिंगशेजारी तो कोंबणं मला धाडसाचं वाटतं.

काचांबद्दल थोडक्यात. काळी फिल्म 2012 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बंद झाली. काचेतूनच पुढं-मागं 70 आणि बाजूंना 50 टक्के प्रकाश आत यायला हवा. उभ्या गाडीत सर्वांत जास्त ऊन काचांतूनच येतं. तेव्हा सावली शोधणं आणि पुढच्या काचेला आडपडदा लावणं, एवढंच हातात राहतं.

इथं एक प्रश्न आधी विचारायला हवा होता: काचा वर की खाली? बहुतेक पद्मिनींना एसी नाही. मे महिन्यात सोलापुरातून मोहोळच्या दिशेनं निघालात तर काचा खालीच असणार, आणि मग आतली हवा बाहेरच्या हवेइतकीच, 42 अंशांची. जगातला कुठलाही नमदा ती एका अंशानं कमी करू शकत नाही. इन्सुलेशननं फरक पडतो तो डोक्यावरच्या आणि पायांखालच्या धगीत, आणि तो चांगलाच जाणवतो. सोलापूरच्या कोरड्या हवेत घाम झटकन उडतो, त्यामुळं धग काढून टाकली की तेवढ्यातही बसवतं. एसी बसवला असेल तर गणित बदलतं. मग जमीन, दारं, मागची पार्सल ट्रे, सगळीकडं जाड थर परवडतो, कारण आत कमावलेला गारवा टिकवायचा असतो.

आवाजाचंही उत्तर काचांवरच लटकलं आहे. डेसिबल बेरजेनं वाढत नाहीत. 75 डेसिबलचे दोन आवाज एकत्र आले तर 150 होत नाहीत, 78 होतात. उघड्या काचेतून वाऱ्याचा आवाज 75 आणि इंजिनचा 65 धरा. एकूण भरतो 75.4. आता इंजिनचा आवाज पूर्ण बंद केला, जे अशक्यच आहे, तरी कानाला मिळाला 0.4 डेसिबलचा फायदा. तो कुणालाही ऐकू येणार नाही. म्हणून काचा उघड्या ठेवून चालणाऱ्या गाडीत आवाजासाठी पंचवीस-तीस हजार घालणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

काचा बंद ठेवणाऱ्यांसाठी मात्र यात बरंच शिकण्यासारखं आहे. 1100 ही वेगळी चॅसी नसलेली, अंगच सांगाडा असलेली गाडी. इंजिनची थरथर त्यामुळं पत्र्यापत्र्यात पोचते. चार सिलिंडरचं इंजिन 3000 फेऱ्यांवर असताना सेकंदाला 100 स्फोट होतात, म्हणजे 100 हर्ट्झची घुमी. या आवाजाची तरंगलांबी साडेतीन मीटर. तो शोषायचा तर शोषकाची जाडी तिच्या चौथ्या हिश्शाच्या जवळपास लागते, म्हणजे पाऊण मीटरच्या वर. दहा मिलिमीटरचा फोम हजार हर्ट्झच्या वरची चिरचिर, रबरी बीडिंगमधली शिटी थोडी मऊ करतो; घुमीला तो जाणवतही नाही.

घुमीवर दोनच उपाय. पहिला, पत्र्याला थरथरू न देणं. काळी ब्यूटिल शीट इथं कामाची, आणि तिच्यावरचा ॲल्युमिनियमचा थर उष्णतेसाठी नसतोच मुळी. पत्रा वाकतो, वरचं ॲल्युमिनियम सहज ताणलं जात नाही, मधलं चिकट रबर दोघांत कातरलं जातं आणि थरथरीची ऊर्जा तिथं क्षीण उष्णतेत जिरते. त्यासाठी अख्खा पत्रा झाकावा लागत नाही. मोठ्या सपाट भागाच्या मध्यावर पाव ते तिसरा हिस्सा पुरतो; कडा आणि दुमडी मुळातच ताठ असतात. बोटाच्या पेरानं टप किंवा दार ठोकून बघा. ‘टण्ण’ वाजतं तिथं तुकडा लावायचा, ‘थप’ झालं की थांबायचं. शीट विकणारा हे सांगत नाही, कारण तो चौरस फुटावर विकतो.

दुसरा उपाय वजन. आवाज अडवणाऱ्या भिंतीचं वजन दुप्पट केलं की सुमारे 6 डेसिबल मिळतात. पत्रा आधीच चौरस मीटरला सहा-साडेसहा किलो आहे. त्याच्यावर पाच किलोची जड व्हिनाइल चटई टाकली तर जवळपास एवढा लाभ होतो. पण गाडीचं सगळं वजन नऊशे किलोच्या आत आणि ताकद चाळीसेक अश्वशक्तीची. जमीन, टप, दारं सगळं झाकत गेलात तर पन्नास किलो वाढतात, म्हणजे एक प्रवासी कायमचा बसवल्यासारखं होतं. ही चटई डॅशबोर्डामागं आणि पुढच्या जमिनीवर घालावी, बाकी सोडून द्यावं.

आणि त्याआधी भोकं बुजवावीत. भिंतीच्या एक टक्का भागात छिद्र असेल तर भिंत कितीही जाड करा, 20 डेसिबलपेक्षा जास्त अडत नाहीत. फियाटच्या डॅशबोर्डामागच्या पत्र्यात भोकांना तोटा नाही: स्टेअरिंगजवळच्या गिअरचे दांडे, पेडल, वायरिंग, स्पीडोमीटरची केबल. त्यांतली निम्मी रबरी बुशं पन्नास वर्षांत कडक होऊन गळून पडलेली असतात. नवी बुशं आणि दारांची नवी बीडिंग यांचा खर्च जड चटईच्या मानानं किरकोळ, आणि फरक पहिल्याच फेरीत कळतो. याच भोकांतून इंजिनची गरम हवाही पायांवर येते, तेव्हा दोन्ही कामं करणारी वस्तू हवीच असेल तर ती ही. (एक इशारा: इंजिन शांत झालं की मागच्या दाराची खडखड, डिकीतल्या पान्याची टकटक, सगळं ऐकू येऊ लागतं. त्यावर उपाय म्हणजे आणखी एक रविवार.)

सामान घेण्यापूर्वी चाचणी घ्यावी. डांबरी आणि ब्यूटिल, दोन्हींचे वीतभर तुकडे पत्र्याच्या खालच्या बाजूला चिकटवून पत्रा मे महिन्यात गच्चीवर ठेवावा. डांबर 70 अंशांला मऊ पडून घसरतं आणि वास सोडतं. जमिनीवर ते एक वेळ चालेल, टपाला आणि दारांना ब्यूटिलच हवं. तागाचा नमदा ऐकायला छान, स्वस्त आणि पुन्हा काढता येणारा, पण पाणी धरून ठेवतो. सोलापुरात पाऊस कमी, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. त्या महिन्यात पुढच्या काचेच्या रबरातून झिरपलेलं पाणी नमद्याखाली मुक्काम करतं आणि जमिनीचा पत्रा खालून नव्हे, वरून गंजतो. नमदा घालायचाच तर सुटा घालावा, चिकटवू नये, आणि पावसाळ्यानंतर उचलून वाळवावा.

दारांच्या तळाला पाणी निघून जायची बारीक भोकं असतात. ती शीटखाली गेली तर दार आतून कुजतं. आणि शीट बसवण्याचं काम उन्हाळ्यात काढू नये. तापलेल्या ब्यूटिलला हात लागेल तिथं ते चिकटतं, सरळ बसत नाही. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास, जानेवारीत, गाडी सकाळभर उन्हात ठेवून पत्रा कोमट करावा, गंज घासून त्यावर प्रायमर पूर्ण वाळू द्यावा, थिनरनं तेल पुसावं, आणि रोलरनं शीट दाबावी, खालचा हवेचा एकेक फुगा बाहेर काढत. राहिलेला फुगा मे महिन्यात फुगतो आणि शीट तिथूनच सुटायला लागते.