टोपलीच्या तळाशी कोरलेले नाव

बंगळुरूच्या लालबागेत २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरते. १८८९ साली पायाभरणी झालेल्या काचघराभोवती तोबा गर्दी उसळते. या गर्दीतली काही पावले इकेबानाच्या, म्हणजे जपानी पुष्परचनेच्या मांडणीपुढेही रेंगाळतात. दोन फांद्या, तीन फुले आणि बरीचशी मोकळी जागा! फुले पाहून झाली की नजर भांड्याकडे वळते. इकेबानात हे भांडे चिनी मातीचे असते, तसेच चक्क बांबूची टोपलीही असते.

पण टोपलीत पाणी राहते कसे? कोडे सोपे आहे. आत रोगण दिलेले बांबूचे नळकांडे टोपलीत बसवलेले असते. पाणी त्यात, टोपली कोरडीच.

जपानी भाषेत या टोपलीला 'हानाकागो' म्हणतात. हाना म्हणजे फूल, कागो म्हणजे टोपली. चहाच्या समारंभात ती उन्हाळ्याच्या दिवसांत मांडतात. विणीतून वारा खेळताना दिसला की पाहणाऱ्यालाच गारवा वाटतो! पूर्वी तिथल्या रसिकांना चीनहून आलेल्या घट्ट विणीच्या, प्रमाणबद्ध टोपल्यांचे भारी वेड होते. अशा काळात चहाचे थोर आचार्य सेन नो रिक्यू (१५२२-१५९१) यांनी कात्सुरा नदीवरच्या एका कोळ्याची मासे ठेवायची टोपली मागून घेतली आणि तिच्यात फुले ठेवली, अशी कथा सांगतात. त्या साध्या टोपलीच्या नकला पुढे पिढ्यान् पिढ्या होत राहिल्या.

टोपली नावाजली, पण विणणारा मात्र कित्येक वर्षे निनावीच राहिला. ओसाकाचे हायाकावा शोकोसाई (१८१५-१८९७) हे आपल्या कामावर नाव कोरणारे पहिले कारागीर मानले जातात. मग तळाशी नाव आणि सोबत कारागिराच्या हस्ताक्षरातली लाकडी पेटी, असा रिवाज पडला. जुनी टोपली घेताना संग्राहक आजही आधी ती उलटी करून पाहतात. १९६७ मध्ये बेप्पू गावचे शोनो शौनसाई यांना जपान सरकारने 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला. बांबूकामातले ते पहिलेच मानकरी.

जुन्या टोपल्यांत धुरकट बांबूच्या टोपल्यांना विशेष मोल आहे. शेतकऱ्यांच्या गवताने शाकारलेल्या घरांत चुलाण्यावरच्या छपराचे बांबू शे-दीडशे वर्षे धूर खाऊन गडद तपकिरी होतात. त्यांना कीडही सहसा लागत नाही. आपल्याकडे बियाण्याची कणसे चुलीवर टांगत, तेही याचसाठी! अशी टोपली घरात असेल तर तिला ऊन लागू देऊ नये, तेल चोपडू नये आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नये. धूळ मऊ कुंचल्याने झटकावी. बंगळुरूच्या फेब्रुवारी-मार्चमधल्या कोरड्या हवेत बांबूला तडे जाण्याची भीती असते, हेही लक्षात ठेवावे.

बांबू विणणारे हात बंगळुरूतही आहेत. कर्नाटकातले मेदार म्हणजे आपल्याकडचे बुरूड. बसवेश्वरांच्या काळातले शरण मेदार केतय्या हे याच व्यवसायातले. मेदारांच्या टोपलीला कन्नडमध्ये 'बुट्टी' म्हणतात. कोल्हापूर-बेळगावच्या वाचकांना हा शब्द वेगळा सांगायला नको. आपल्याकडे हरतालिका असते त्याच दिवशी कर्नाटकात गौरी पूजतात. तेव्हा सुवासिनी 'बागिना' देतात, म्हणजे एका सुपात वाण भरून त्यावर दुसरे सूप झाकायचे. त्या आठवड्यात सुपांना मागणी असते. एरवी स्वस्त प्लॅस्टिकने मेदारांचे गिऱ्हाईक पळवले आहे. त्यात १९२७ च्या वन कायद्याने बांबूला 'झाड' ठरवून त्याच्या तोडणी-वाहतुकीला परवान्यांत अडकवले होते. वनाबाहेरच्या बांबूची त्यातून सुटका झाली ती थेट २०१७ मध्ये.

इकेबानाची हौस असणाऱ्यांनी जपानी टोपलीच हवी असा हट्ट कशाला धरावा? कोळ्याची टोपली चालली, तर मेदाराची बुट्टी का चालू नये? घेताना काठ घट्ट बांधलेला आहे ना, आणि कामट्या बांबूच्या बाहेरच्या चिवट सालीच्या आहेत ना, ते पाहावे. तळाशी नाव सापडणार नाही, ते विणणाऱ्यालाच विचारावे लागेल. आत स्टीलचा उभा पेला ठेवला की काम भागते. फक्त त्याचा काठ पानांआड झाकावा.