फिरतीवरचा खेळाडू, फिरतीवरचे संघ

अनिकेत जाधव या कोल्हापूरच्या फुटबॉलपटूची कारकीर्द सांगायची तर आधी गावांचीच नावं घ्यावी लागतात. पुणे, दिल्ली, गोवा, जमशेदपूर, हैदराबाद, कोलकाता, भुवनेश्वर. 2000 साली जन्मलेल्या, रिक्षाचालकाच्या घरातल्या या मुलानं पंचविशी गाठेपर्यंत एवढी गावं आपली म्हणून पाहिली. दर ठिकाणी नवी जर्सी, नवा प्रशिक्षक, आणि आपण इथं किती दिवस हा तोच जुना प्रश्न.

अशा खेळाडूबद्दल आपण फार लिहीत नाही. आपल्याला शिखरावरचा माणूस लागतो. फुटबॉलमध्ये सुनील छेत्रीवर पानंच्या पानं येतात आणि ते योग्यच आहे, पण कुठलाही व्यावसायिक खेळ उभा असतो तो मधल्या फळीतल्या माणसांवर. दर उन्हाळ्यात ज्यांचा करार संपतो, ज्यांना एखादा प्रशिक्षक आठवणीनं बोलावून घेतो आणि पुढचा प्रशिक्षक बाकावर बसवतो, ती ही माणसं. अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये अशा खेळाडूंना मोठा मान आहे. ईश स्मिथ हा ठेंगणा गार्ड एनबीएच्या तेरा संघांकडून खेळला. तो विक्रम आहे, आणि 2023 साली तेराव्या संघाबरोबर, म्हणजे डेन्व्हरबरोबर, त्याला विजेतेपदही मिळालं. तिथं दहा-दहा दिवसांच्या करारावरही माणसं खेळतात. पण त्या भटकंतीखाली जमीन आहे. खेळाडूंची भक्कम संघटना आहे, किमान पगार ठरलेला आहे, तीन हंगाम पुरे झाले की निवृत्तिवेतनाचा हक्क लागू होतो. खेळाडू फिरतो, पण व्यवस्था जागेवर असते.

आपल्याकडे उलट आहे, आणि मला या लेखात मुख्यतः तेच सांगायचं आहे.

अनिकेत लहान वयातच घर सोडून पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. 2017 च्या ऑक्टोबरात भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला, तेव्हा दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर तो भारताच्या आघाडी फळीत होता. फुटबॉलच्या कुठल्याही फिफा विश्वचषकात भारताचा पुरुष संघ उतरला तो पहिल्यांदाच. अमेरिकेकडून 0-3, कोलंबियाकडून 1-2, घानाकडून 0-4 असे तिन्ही सामने आपण हरलो. जिक्सन सिंगनं कोलंबियाविरुद्ध डोक्यानं मारलेला गोल हीच त्या स्पर्धेतली आपली कमाई. पण त्या आठवडाभर कोल्हापूरच्या पेठांमध्ये टीव्हीसमोर जी गर्दी झाली, ती निकालासाठी नव्हती. आपल्या गल्लीतल्या मातीतलं पोरगं जगाच्या मैदानावर दिसत होतं.

त्या मुलांसाठी भारतीय फुटबॉल महासंघानं इंडियन ॲरोज हा संघ आय-लीग या राष्ट्रीय लीगमध्ये उतरवला. पहिल्याच सामन्यात चेन्नई सिटीवर 3-0 असा विजय मिळाला, त्यातले दोन गोल अनिकेतचे. पुढं काही काळ तो सरावासाठी इंग्लंडला ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे जाऊन आला. हा जुना इंग्लिश क्लब 2010 पासून पुण्याच्या वेंकीजच्या मालकीचा आहे. 2019 मध्ये जमशेदपूर, 2021 मध्ये हैदराबाद, 2022 मध्ये ईस्ट बंगाल, तिथून ओडिशा. हैदराबादच्या संघानं 20 मार्च 2022 रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर केरळला टायब्रेकरमध्ये हरवून इंडियन सुपर लीग जिंकली, तेव्हा तो त्या संघात होता.

आता याच क्लबांची कुंडली मांडून पाहा. इंडियन ॲरोज 2022 मध्ये बंद करण्यात आला. हैदराबादचा क्लब म्हणजे मुळात आपलाच एफसी पुणे सिटी. 2019 मध्ये पुण्याचा संघ आटोपला, त्याची जागा हैदराबादनं घेतली, आणि 2025 मध्ये तो गाशा गुंडाळून दिल्लीला गेला. ओडिशाचा क्लब म्हणजे आधीचा दिल्ली डायनामोज, तोही 2019 मध्येच भुवनेश्वरला हलला. म्हणजे पुण्याचा संघ हैदराबादमार्गे दिल्लीला, आणि दिल्लीचा भुवनेश्वरला. फक्त खेळाडूच नव्हे, संघही बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडतायत. ज्या गावात संघ पाच-सहा वर्षंही टिकत नाही, तिथं त्याचे समर्थक कसे तयार व्हावेत, आणि समर्थक नसलेल्या संघात पैसा किती दिवस राहावा?

पुण्यानं तर याबाबतीत फार नुकसान सोसलं. पुणे एफसी गेला, डीएसके शिवाजीयन्स गेला, मग पुणे सिटी. मुंबईचा महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला होता, मुंबई एफसीही पुढं टिकला नाही. कोल्हापूरच्या मुलाला राज्यातच व्यावसायिक फुटबॉल मिळण्याची जी दारं होती, त्यातली बरीचशी अशी एकेक करून मिटली. निखिल कदम हा आपलाच विंगर पुणे एफसीतून वर आला आणि मग मोहन बागान, नॉर्थ ईस्ट युनायटेड असा पूर्वेकडे सरकत गेला. मुलं दूर गेली याचं कौतुक जरूर करावं. त्यांना जवळ फारसं काही उरलं नव्हतं म्हणूनही ती गेली, हे विसरू नये.

2023-24 च्या हंगामात हैदराबादच्या क्लबात पगार थकले, परदेशी खेळाडू निघून गेले, नवे खेळाडू घेण्यावर फिफाची बंदी आली. राहिलेल्या तरुण भारतीय मुलांनी सामन्यामागून सामने हरत हंगाम पुरा केला. त्यांच्याबद्दल मला विलक्षण आदर वाटतो. 2025 च्या जुलैमध्ये तर इंडियन सुपर लीगच थांबली. महासंघ आणि आयोजक कंपनी यांच्यातला 2010 सालचा पंधरा वर्षांचा करार संपत आला होता, पुढचं काही ठरलं नव्हतं. ऑगस्टमध्ये ओडिशा क्लबनं खेळाडू आणि कर्मचाऱ्यांचे करार स्थगित केले. खेळाडूचं पायातलं आयुष्य दहा-बारा वर्षांचं. त्यातले सहा महिने कागदावर अडकून जाणं म्हणजे काय, हे पगारदार माणसाला सहज कळणार नाही.

कोल्हापूरला हे चित्र फार परकं नाही, कारण फिरतीवर पोट भरणारा खेळाडू या गावानं शंभर वर्षं पाहिला आहे. तो म्हणजे पैलवान. शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधलं, मल्लांना आश्रय दिला, त्यांच्या खुराकाची सोय केली. संस्थानं गेली तशी ही छत्रछाया गेली आणि मधल्या ताकदीचा पैलवान जत्रांच्या पंचांगावर जगू लागला. आज या गावची यात्रा, परवा त्या गावची. नेमलेली कुस्ती, निकाली झाली तर पुरं इनाम. खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आणलं, पण तिथं जाण्यासाठी त्यांना लोकवर्गणी मागत फिरावं लागलं होतं. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी घर गहाण टाकल्याचं कोल्हापूर अजून सांगतं. पुढं खाशाबांनी पोलीस खात्यात नोकरी धरली. पदकानं चूल पेटत नाही, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नसेल.

फुटबॉलही या गावात तालमींतूनच वाढला. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार ही नावं आधी आखाड्याची, मग मैदानाची. 1940 साली स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या छायेत त्यांची लीग चालते. खेळाडू एका तालमीकडून दुसरीकडे जातो, त्याची पेठेत हंगामभर चर्चा होते, कधी वैरही धरलं जातं. नायजेरियाचे खेळाडूही शाहू स्टेडियमवर येऊन खेळून गेलेत. पण तालीम कुठं जात नाही. मंगळवार पेठेची तालीम दुसऱ्या शहराला विकता येत नाही. व्यावसायिक लीगला कोट्यवधी रुपये ओतून जे जमवता आलं नाही, ते इथं तीन पिढ्यांपासून आहे: ठिकाण, रंग, आणि त्या रंगासाठी घसा बसवणारी माणसं.

म्हणून आपण निर्धास्त राहावं, असं मात्र मला वाटत नाही. हुल्लडबाजीनं आपण कितीतरी चांगले सामने नासवले. शिवाय आपल्याकडचा व्यवहार अजून कागदापेक्षा शब्दावर जास्त चालतो. शब्दाला इथं किंमत आहे हे खरं, पण गुडघ्याचं लिगामेंट तुटलं की शस्त्रक्रियेचं बिल शब्दावर भागत नाही. तालमीनं प्रत्येक खेळाडूशी साधा लेखी करार करावा, दुखापतीचा विमा उतरवावा. स्पर्धेच्या बक्षिसांचे आणि फलकांचे आकडे पाहता हा खर्च झेपणार नाही असं म्हणता येत नाही. रेल्वे, पोलीस, बँका यांच्या खेळाडू कोट्यातल्या नोकऱ्यांनी जुन्या पिढीला हात दिला. त्या आता पूर्वीइतक्या हमखास नाहीत.

फिरतीतून खेळाडूच्या हाती काय लागतं, याचा हिशेब पैशांत करून चालणार नाही. अनिकेतच्या वाट्याला आलेले प्रशिक्षक पाहा. विश्वचषकात पोर्तुगालचे नॉर्टन डी मातोस. जमशेदपूरला स्पेनचे इरिओंदो, मग स्कॉटलंडहून आलेले ओवेन कॉयल. हैदराबादला मानोलो मार्केझ, ईस्ट बंगालला स्टीफन कॉन्स्टंटाईन, ओडिशात सर्जिओ लोबेरा. कुणी चेंडू पायाशी ठेवायला सांगतो, कुणी तो पटकन पुढं टाकायला. कुणाला विंगर रेषेला चिकटलेला हवा असतो, कुणाला आत घुसणारा. हे सगळं अंगात मुरवून घेणारा खेळाडू म्हणजे चालतीबोलती शाळा. पूर्वी पैलवान चार वस्तादांच्या हाताखाली तयार होऊन गावी परतला की त्याच्याकडे पोरं आपोआप जमायची, डाव मागायची. फुटबॉलमध्ये त्यासाठी महासंघाचा डी परवाना, मग आशियाई महासंघाचे सी, बी, ए असे टप्पे चढावे लागतात. त्याला वेळ लागतो, फी लागते. बाहेर खेळून आलेल्या एका मुलाची ती फी एका तालमीनं एका हंगामात भरली, तर त्या पेठेतल्या बारा वर्षांच्या पोरांना मार्केझ आणि लोबेरा यांच्या सरावातलं काही ना काही मराठीतून शिकायला मिळेल, आणि तेवढ्यासाठी त्यांना बालेवाडी गाठावी लागणार नाही.