अर्धी राहिलेली गोधडी

आता बघा, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी पेटीत आजीच्या लुगड्याची अर्धवट गोधडी असेल. ती राहते, कारण पलंगाएवढी धरलेली असते आणि तेवढी सवड पुन्हा मिळत नाही. या थंडीत ती बाळाच्या दुपट्याएवढी करा. थर जमिनीवर अंथरा, सुरकुत्या काढा, मोठे कच्चे टाके घाला. विरलंय तिथं ठिगळ लावा. मग कडेपासून धावदोरा घालत एकेक फेरी मध्याकडे न्या. दोरा आवळू नका. का? ऊब देते ती थरांत अडकलेली हवा. आवळलं की ती जागाच उरत नाही, कापडही चुण्या धरतं. लुगडं नुसतं जपून ठेवलं तर घडीवरच विरतं. शिवलं, तर पतवंडाच्या अंगावर येतं.