पाणी न उपसता त्याचं वजन कळतं!

बुलढाणा जिल्ह्यातल्या दुसरबीडच्या विहिरी पावसाळ्यात वर येतात, उन्हाळ्यात तळाला जातात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. पण विहिरीत दिसते ती पातळी. खडकात पाणी किती साठलं, हे तिच्यावरून थेट कळत नाही.

इथे गुरुत्वाकर्षण कामी येतं! जमिनीखाली पाणी वाढलं की वस्तुमान वाढतं आणि तिथली ओढ किंचित वाढते. एकाच जागी पुन्हा पुन्हा मोजलं की फरक हाती लागतो. एक मीटर जाडीच्या पाण्याच्या थराने ही ओढ सुमारे ४२ मायक्रोगॅलने वाढते. एक मायक्रोगॅल म्हणजे आपल्या नेहमीच्या गुरुत्वाचा साधारण एक अब्जांश.

आपल्या काळ्या पाषाणात मात्र खरी कसोटी आहे. झिजलेल्या बेसॉल्टमध्ये निचरा होणारं पाणी खडकाच्या आकारमानाच्या जेमतेम दोन टक्के धरतात. म्हणजे पातळी तीन मीटर चढली, तरी पाण्याचा थर सहा सेंटिमीटर, फरक अडीच मायक्रोगॅल. गुरुत्व मोजणारं यंत्र एक सेंटिमीटर उंच बसलं तरी तीन मायक्रोगॅल कमी होतात! त्यात काळी माती ओली झाली की फुगते. म्हणून मोजणीची खूण उघड्या खडकावरच हवी, आणि चंद्र-सूर्याची ओढही वजा करावी लागते.

नॉर्वेतल्या स्लाइप्नर वायुक्षेत्रात समुद्रतळावर २००२ पासून अशा मोजण्या करून खडकात सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढला. त्याच वर्षी सोडलेल्या, गुरुत्व मोजणाऱ्या ग्रेस उपग्रहजोडीने पंजाब, हरियाणा, राजस्थानातलं घटतं भूजल अवकाशातून टिपलं. अशा उपग्रहांच्या नजरेला बुलढाणा जिल्हा फार लहान पडतो, गावाचं मोजमाप जमिनीवरूनच करावं लागेल.