बशीतला सांधा

ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून उसाची मोळी घेऊन चढणारा ऊसतोड मजूर एकदा निरखून पाहा. कोळपेवाडी, सहजानंदनगरच्या कारखान्यांचे गाळप सुरू झाले की कोपरगावच्या शिवारात हे दृश्य रोजचेच. डोक्यावर मोळी, तिला धरायला हात वर, पायाखाली अरुंद फळी. मध्येच मोळी कलते आणि गड्याच्या ध्यानात यायच्या आत खांदा तिला सावरून घेतो.

शाळेच्या पुस्तकात खांद्याला उखळीचा सांधा म्हणतात. खरी उखळ खुब्याला. खांद्याच्या वाट्याला आली आहे नुसती बशी. दंडाच्या हाडाच्या गोल डोक्याचा जेमतेम पाव ते एकतृतीयांश भाग तिच्यात टेकतो. म्हणून तर हात चहूकडे फिरतो आणि निखळण्यातही खांद्याचाच पहिला नंबर. ते डोके बशीत दाबून धरतात फऱ्यावरून निघालेले चार छोटे स्नायू. त्यांना नुसती ताकद असून भागत नाही, वेळ साधावी लागते: हात उचलायच्या क्षणभर आधी ते आवळले गेले पाहिजेत. हा हुकूम मेंदूचा. त्यासाठी हात कुठे आहे हे त्याला न बघता कळावे लागते, आणि ती खबर स्नायू, कंडरा नि सांध्याच्या पिशवीतून सतत वर जात असते. चार्ल्स शेरिंग्टन यांनी 1906 मध्ये या जाणिवेला ‘प्रोप्रिओसेप्शन’ असे नाव दिले.

डोळे मिटून हात बाजूला, बरोबर खांद्याच्या रेषेत आणा आणि डोळे उघडा. थोडा वर-खाली निघेलच. निखळलेल्या खांद्यात पिशवी आणि अस्थिबंध ताणलेले, फाटलेले असतात. तिथे हा अंदाज आणखी चुकू शकतो.

डेन्मार्कमध्ये खांदा निखळलेल्या 56 रुग्णांवर झालेली चाचणी 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. 12 आठवड्यांनी, नेहमीचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा स्नायूंच्या नियंत्रणाचे धडे घेतलेल्यांचा खांदा अधिक सुधारला होता. असे धडे दिसायला अगदी साधे असतात. भिंतीला टेकवलेला चेंडू तळव्याने हळूहळू फिरवायचा. रांगत्या बाळासारखे ओणवे होऊन एक हात उचलायचा. आधी आरशात बघून, मग डोळे मिटून. हल्ली यालाच ‘ब्रेन-बेस्ड ट्रेनिंग’ म्हणून विकतात. मेंदूला वगळून होणारा व्यायाम मला तरी माहीत नाही! आणि बशीचा काठच तुटला असेल तर चेंडू फिरवून तो जुळत नाही. आधी एक्स-रे, मग बाकीचे.

अशा धड्यांचा एक जुना धागाही कोपरगावाशी जुळतो. पेशवाईतले राघोबादादा 1783 मध्ये इथेच वारले. त्यांचे चिरंजीव दुसरे बाजीराव. या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभट्टदादा देवधरांनी मल्लखांब नव्याने रुजवला. त्याच तालमींच्या परंपरेतला मुद्गल घ्या. वजन हातापासून लांब, आणि फिरताना तो पाठीमागे जातो. तिथे डोळ्यांचा काही उपयोग नाही, खांद्याच्याच खबरीवर भिस्त. उस्तादाला शेरिंग्टन ठाऊक नव्हता, पण धडा तोच होता.

स्नायू थकले की ही जाण बोथट होते, हे प्रयोगांतही दिसले आहे. म्हणून असले व्यायाम थोडे, ताज्या अंगाने करायचे आणि हात थरथरू लागला की थांबायचे. उसाच्या फडात ती सोय नसते. अंधार पडला तरी ट्रॉली भरेपर्यंत फळी चढावीच लागते.