कमेंटमधला प्रेक्षक आणि टीव्हीपुढचा प्रेक्षक

‘लोकांना ही मालिका आता नकोशी झालीय, कमेंट्स वाचा ना!’ मराठी मालिकांचा विषय निघाला की हे हटकून ऐकू येतं. तीन-चार कमेंट उचलून ‘प्रेक्षक संतापले’ असे मथळेही सर्रास दिले जातात. तीन-चार जण संतापले हे खरं, पण बाकीचे प्रेक्षक संतापले हे कुणी मोजलं?

‘आई कुठे काय करते’ आठवा. डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं ही मालिका चालली. कथानक ताणल्याची टीका, मीम्स, ‘बंद करा आता’ हे सगळं तिच्या वाट्याला भरपूर आलं. तरीही दीर्घकाळ ती टीआरपीच्या यादीत अगदी वरच्या क्रमांकांवर होती.

हे घडतं, कारण कमेंट करणारा स्वतःहून पुढे आलेला असतो. रागावलेला लिहितो, एखाद्या कलाकाराचा कट्टर चाहता लिहितो. भाजी निवडता निवडता मालिका बघून, बरी वाटली म्हणून उद्याही बघणारी बाई काहीच लिहीत नाही. शिवाय लिहिणाऱ्यांतही थोडेच जण पुष्कळ लिहितात. प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेच्या २०१९ च्या अभ्यासात अमेरिकेतल्या प्रौढांची ८० टक्के ट्वीट्स अवघ्या १० टक्के वापरकर्त्यांनी लिहिलेली निघाली.

आता प्रोमोखालची नेहमीची कमेंट नीट वाचा : ‘किती ताणताय? कालच्या भागात नुसते सगळ्यांचे चेहरेच दाखवले!’ अहो, याचा अर्थ या माणसानं कालचा भाग पाहिलाय. तो चिडलेला आहे, पण प्रेक्षक आहे. त्याच्याच खाली ‘फालतू मालिका’ लिहिणाऱ्यानं कदाचित प्रोमोपलीकडे काही पाहिलेलंच नसतं. आपण मात्र दोघांना ‘विरोधी’ या एकाच रकान्यात टाकतो.

यावर ठरलेला प्रश्न येतो : कमेंट हजारोंनी असतात, टीआरपी ज्यांवरून काढतात ती घरं मूठभर, मग खरं कोण? नमुना मोठा असला की खरा असतो, हा समज १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीतच उघडा पडला. ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकी साप्ताहिकानं सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यावरून रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असं भाकीत केलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. नावं टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून घेतलेली होती, त्यामुळे ऐन मंदीत गरीब मतदार त्यांत कमी होते. उत्तर देणारेही आपणहून पुढे आलेलेच होते. त्याच निवडणुकीत जनमत चाचण्या घेणारे गॅलप यांनी कितीतरी लहान पण विचारपूर्वक निवडलेल्या नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला. टीआरपी मोजणारी ‘बार्क’ ही संस्था काय पाहिलं जातं ते नोंदवणारा मीटर ज्या घरांत बसवते, ती घरंही अशीच प्रदेश, शहर-गाव, आर्थिक स्तर बघून निवडतात. २०२० च्या सुमारास ती देशभरात ४४ हजारांच्या आसपास होती.

म्हणून टीआरपी डोळे मिटून मानावा असं मुळीच नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये मीटरच्या घरांना पैसे दिले गेल्याचे आरोप मुंबई पोलिसांनी पुढे आणले, तेव्हा वृत्तवाहिन्यांचे आकडे थांबवावे लागले. ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. शिवाय टीआरपी सांगतो किती जणांनी किती वेळ पाहिलं. आवडलं की नाही, हे त्याला कळत नाही. त्यासाठी निवडलेल्या प्रेक्षकांना भेटून विचारावंच लागतं. हे काम खर्चाचं आहे, कमेंट फुकट मिळतात. कमेंट म्हणजेच प्रेक्षकांचं मत, हा गैरसमज टिकून राहण्याचं मोठं कारण हेच आहे.

आणखी काही नेहमीचे प्रश्न. मीटर प्रत्येक सेट टॉप बॉक्समध्ये असतो? नाही, फक्त निवडलेल्या घरांत.

हॅशटॅग ट्रेंड झाला म्हणजे मालिका गाजली? चाहत्यांनी वेळ ठरवून एकदम लिहिलं तरी तो ट्रेंड होतो.

मग कमेंट निरुपयोगी? तेही चूक. मालवणी बोलीचा चुकलेला हेल, कोर्टाच्या प्रसंगातली कायद्याची चूक, आधीच्या भागाशी न जुळणारा तपशील हे कमेंट करणारेच सर्वांत आधी पकडतात, आणि अशी चूक एकानं दाखवली तरी पुरते.