एका आकड्याने निदान होत नाही
रक्तातील टाकाऊ द्रव्ये मूत्रपिंडे गाळतात व लघवीवाटे बाहेर टाकतात, म्हणून लघवीत शरीरातील घडामोडींचा माग लागतो. परंतु एखाद्या द्रव्याचे प्रमाण कशाशी ताडून पाहायचे हे ठरल्याखेरीज त्याला अर्थ येत नाही. भोपाळमध्ये याचा प्रत्यय फार मोठी किंमत मोजून आला.

२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री तेथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. शवविच्छेदनात न्यायवैद्यकतज्ज्ञ डॉ. हीरेश चंद्र यांना मृतांचे रक्त लालभडक आढळले, तेव्हा सायनाइडचीही विषबाधा झाली असावी असा संशय बळावला. सायनाइडवर सोडियम थायोसल्फेट हा उतारा आहे; त्यातील गंधकाच्या साहाय्याने शरीरातील एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, सायनाइडचे थायोसायनेट या बऱ्याच सौम्य द्रव्यात रूपांतर करते व ते लघवीतून निघून जाते. मात्र धूम्रपान करणाऱ्यांच्या लघवीतही थायोसायनेट अधिक असते, त्यामुळे एका नमुन्यावर विसंबता येत नव्हते आणि थायोसल्फेटच्या इंजेक्शनच्या आधीचा व नंतरचा नमुना ताडणे भाग होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८५ च्या आरंभी दुहेरी अंध चाचणी घेतली, म्हणजे खरे औषध कोणाला मिळाले हे रुग्णाला किंवा डॉक्टरला ठाऊक नव्हते. औषध मिळालेल्यांच्या लघवीत थायोसायनेट वाढले, अनेकांना आरामही पडला आणि परिषदेने या उपचाराची शिफारस केली. तरीही सायनाइडची विषबाधा झाली होती की नाही हा वाद शमला नाही व बहुसंख्य बाधितांपर्यंत ते इंजेक्शन पोचले नाही, ही या इतिहासातील सर्वांत क्लेशदायक बाब होय.

लघवीच्या नेहमीच्या ‘युरीन रुटीन’ तपासणीलाही हाच न्याय लागू पडतो. रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेल्यावरच ती लघवीत उतरते, तेव्हा लघवीत साखर नाही म्हणून मधुमेह नाही असे ठरत नाही. पाणी किती प्यायले यावर लघवीचा दाटपणा अवलंबून असल्याने अल्ब्युमिन हे प्रथिन क्रिएटिनिन या टाकाऊ द्रव्याच्या तुलनेत मोजतात. दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे ते ३० मिलिग्रॅम किंवा अधिक भरले आणि तीन महिने तसेच राहिले, तर मूत्रपिंडाचा जुनाट विकार मानला जातो. जंतुसंसर्गाच्या तपासणीसाठी पहिली धार सोडून मधली लघवी निर्जंतुक डबीत घ्यावी आणि लगेच प्रयोगशाळेत द्यावी, कारण उबेत ठेवलेल्या नमुन्यात जंतू झपाट्याने वाढतात व नसलेला आजार अहवालात दिसू लागतो.